विमा नसताना अमेरिकेतलं कम्युनिटी हेल्थ सेंटर कुठवर पुरतं

नाशिकच्या सिडकोतून एमएससाठी अमेरिकेला निघालेल्या तुमचा प्रश्न असा आहे: विद्यापीठाचा विमा फक्त तुमच्यापुरता आहे, बायको आणि चार वर्षांच्या मुलाला त्यात घालायचं तर हप्ता झेपत नाही. मग त्या दोघांचं कम्युनिटी हेल्थ सेंटरवर, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आणि उत्पन्न बघून फी घेणाऱ्या दवाखान्यावर, भागेल का? आणि नंतर सहा महिन्यांसाठी येणाऱ्या मधुमेही वडिलांचं काय?

ओपीडीपुरतं भागेल, त्यापुढे नाही. नाशिकला प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, गरज पडली तर शालिमारचं संदर्भ रुग्णालय, अशी सरकारी साखळी आहे आणि चिठ्ठी घेऊन वर सरकता येतं. अमेरिकेत हेल्थ सेंटरच्या वर अशी आपोआपची साखळी नाही. लॅब, फार्मसी, स्पेशालिस्ट, हॉस्पिटल यांच्याशी प्रत्येक सेंटर आपापले करार करतं. काहींचे भक्कम असतात, काहींचे जेमतेम. त्यामुळे सेंटर घराजवळ आहे एवढ्यावर थांबू नका, ते कोणाकोणाशी जोडलेलं आहे हे आधी विचारा.

ही केंद्रं १९६५ मध्ये बॉस्टनपासून सुरू झाली. आज अशा साधारण १,४०० संस्था आहेत. त्यांना केंद्र सरकारचं अनुदान असतं आणि संचालक मंडळात निदान ५१ टक्के सदस्य तिथलेच रुग्ण असावे लागतात. पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. फी उत्पन्न आणि घरातली माणसं बघून ठरते. २०२५ ची दारिद्र्यरेषा तिघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,६५० डॉलर होती. उत्पन्न त्याखाली असेल तर फी माफ किंवा नाममात्र, त्याच्या दुप्पट रकमेपर्यंत टप्प्याटप्प्याने सवलत, त्यापुढे पूर्ण दर. हे आकडे दरवर्षी बदलतात.

सवलतीचा अर्ज पहिल्या भेटीआधीच भरा. पासपोर्ट, भाडेकरार, असिस्टंटशिप (विद्यापीठातलं पगारी काम) असेल तर पगाराच्या अलीकडच्या स्लिपा, नसेल तर उत्पन्न नसल्याचं स्वतःच्या सहीचं पत्र. मग घर कशावर चालतं, हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो, म्हणून शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र जवळ असू द्या. कागद अपुरा राहिला तर पूर्ण दराचं बिल लागू शकतं. अर्जाची मुदतही असते, बहुधा वर्षाची. ती संपली की सवलत गुपचूप बंद होते.

फोन करताना हे विचाराच. रक्ततपासणी त्याच फीत धरली आहे का? नमुना बाहेरच्या लॅबला जात असेल तर त्या लॅबचं वेगळं बिल थेट घरी येतं, आणि ते बघून माणूस हादरतो. सवलतीची औषधं कुठल्या फार्मसीत मिळतात? ३४०बी या सवलतीच्या औषधांच्या सरकारी योजनेचा स्वस्त दर फक्त सेंटरच्या किंवा करार केलेल्या फार्मसीत लागू होतो. सवयीने कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाचं नाव दिलंत की पूर्ण किंमत मोजावी लागते. बिनविम्याच्या रुग्णाला स्पेशालिस्टकडे कसं पाठवता? काही शहरांत 'प्रोजेक्ट अ‍ॅक्सेस' नावाने स्पेशालिस्ट डॉक्टर असे ठराविक रुग्ण वाटून घेऊन मोफत बघतात. सेंटरकडून रेफरल गेलं तरच तिथे नंबर लागतो. काही सेंटरं मिळून एकच संगणकीय नोंदप्रणाली वापरतात, मग घर बदललं तरी नव्या जागी जुने रिपोर्ट दिसतात. दुभाषा मोफत मिळतो, पण मराठी हवी हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. नवीन रुग्णाला पहिली वेळ मिळायला आठवडे लागू शकतात, म्हणून आजारी पडायची वाट न बघता नाव नोंदवा.

तुमच्या व्हिसावर कुटुंबाला ही सवलत मिळते का, हेही तिथेच विचारा. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने नोटीस काढून ही केंद्रं अशा सरकारी लाभांत धरली, ज्यांना विद्यार्थी व्हिसावरची कुटुंबं पात्र नसतात. वीसेक राज्यं कोर्टात गेली आणि सप्टेंबरमध्ये त्या राज्यांपुरती स्थगिती मिळाली. म्हणजे टेक्सास आणि कॅलिफोर्नियात उत्तर एकच असेल असं धरू नका.

मुलाचं लसीकरण नीट बघून घ्या, कारण शाळेचा प्रवेश त्यावर अडतो. महापालिकेच्या दवाखान्यात एमआर (गोवर-रुबेला) लस मिळते, तीत गालगुंडाची लस नसते. अमेरिकेतल्या शाळांना एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लागते. कांजिण्यांची लसही आपल्या सरकारी यादीत नाही. या दोन्ही नाशिकलाच बालरोगतज्ज्ञांकडे टोचून घ्या आणि लसीकरणाच्या पत्रावर सगळ्या तारखा इंग्रजीत, महिना अक्षरांत लिहून आणा. ०५/०८ लिहिलंत तर तिकडे ते ८ मे वाचतात आणि डोस वेळेआधी दिला असं समजून पुन्हा टोचू शकतात.

छातीत दुखलं, अपघात झाला, तर सेंटर नाही, ९११ या आपत्कालीन नंबरवर फोन करा. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत विमा न विचारता तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. मात्र उपचार फुकट नसतात, बिल हजारोंत येतं. हॉस्पिटल ना-नफा असेल तर त्याच्याकडे आर्थिक मदतीचं धोरण असणं बंधनकारक आहे आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावाच लागतो. क्रेडिट कार्डावर बिल भरण्याआधी हा अर्ज मागा. याच कारणासाठी बायको-मुलाला निदान मोठ्या आजारपणाचा, हॉस्पिटलचा विमा घ्याच. कर्जाच्या रकमेत तो पहिल्यापासून धरा.

वडिलांसाठी इथूनच व्हिजिटर विमा घ्या. जुना मधुमेह त्यात सहसा वगळलेला असतो, तेव्हा त्यांच्या औषधांची सोय वेगळी करावी लागेल. साधारण ९० दिवसांची औषधं मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसह नेता येतात. पुढच्या तीन महिन्यांसाठी निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण टेनेलिग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड आणि व्होग्लिबोज ही इथे सर्रास दिली जाणारी औषधं अमेरिकेत मिळत नाहीत. यातलं एखादं चालू असेल तर मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड किंवा सिटाग्लिप्टिन यांपैकी काय चालेल, हे त्यांना ओळखणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावं. बदल निदान दोन महिने आधी करा, म्हणजे साखर कशी राहते ते नाशिकमध्येच कळेल. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या.