घरची बारा बोअर घेऊन पहिल्यांदा क्ले शूटिंगच्या मैदानावर जाताना

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाळव्याच्या घरात आजोबांची बारा बोअर डबल बॅरल आहे, परवाना आता तुमच्या नावावर झालाय, आणि पाहुण्यांबरोबर क्ले शूटिंगच्या, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्या (क्ले) छर्‍यांनी फोडण्याच्या, मैदानावर जायचं ठरलंय. तिथं वागायचं कसं, आणि रिकामी बंदूक मिटून खांद्यावर टाकली तरी लोक का ओरडतात?

शेवटचं आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. आपल्या भागात नेमबाजी म्हटलं की शेजारच्या कोल्हापूरचा स्वप्निल कुसळे आणि २०२४ चं पॅरिसमधलं त्याचं रायफलचं पदक डोळ्यासमोर येतं. रायफलच्या रेंजवर प्रत्येक जण आपापल्या जागेवर असतो आणि सगळ्या नळ्या एकाच दिशेला. क्लेच्या मैदानावर तसं नसतं. ट्रॅप आणि स्कीट हे क्लेचे दोन प्रकार; ट्रॅपला उभं राहायच्या ५ जागा, स्कीटला ८, आणि माणसं हातात बंदूक घेऊन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चालत असतात. तुमची बंदूक रिकामी आहे हे तुम्हाला ठाऊक असून भागत नाही, वीस पावलांवरच्या माणसाला ते दिसायला हवं. मिटलेली बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. उघडी, म्हणजे नळ्या खाली मोडलेली, असली की चेंबरमधून (नळीत मागे काडतूस बसतं त्या जागेतून) आरपार उजेड दिसतो. म्हणून जागेवर उभं राहून पाळी येईपर्यंत बंदूक उघडीच, आणि रिकामीच. उघडी बंदूक हातावर आडवी टाकून नळीचं तोंड पुढे जमिनीकडे ठेवा. खांद्यावर टाकलीत तर नळी हातात धरून पुढच्या बाजूला आणि दस्ता मागे, म्हणजे मागच्या माणसाकडे तोंड होत नाही. ठेवायची असेल तर रॅकमध्ये. गाडीला किंवा झाडाला टेकवून ठेवू नका, ती घसरून पडते.

पिशवीतून काढताना बहुतेक नवखे चुकतात. नळीचं तोंड जमिनीकडे ठेवून चेन उघडा, दस्त्याकडची बाजू बाहेर घ्या, तिथेच बंदूक उघडा, चेंबर बघा आणि मग नळी पिशवीतून बाहेर काढा. आत ठेवताना बरोबर उलट: आधी उघडून बघा, नळी पिशवीत सरकवा आणि शेवटी मिटा.

जागेवर आलात की पाय रोवा, नळी मैदानाच्या दिशेला करा, मगच काडतूस घाला. एकच क्ले सुटणार असेल आणि एकाच बाराची मुभा असेल, तर एकच काडतूस. मिटताना नळी वर उचलू नका. नळी खालीच राहू द्या आणि दस्ता वर आणून मिटा. नळी झटक्यात वर आणली आणि जुन्या बंदुकीचं लॉक झिजलेलं असलं, तर बार कुठंही जाऊ शकतो. 'पुल' म्हणाल तेव्हा क्ले सुटते. ती फुटकीच आली तर पंच 'नो बर्ड' म्हणतात. तेव्हा बार टाकू नका, बंदूक उघडा आणि थांबा. बार झाल्यावर मागच्या लोकांकडे वळून बोलण्याचा मोह होतो आणि वळताना नळीही वळते. आधी उघडा, काडतुसं काढा, मग वळा. सेफ्टी कॅचवर भिस्त ठेवू नका. कित्येक जुन्या डबल बॅरलमध्ये ती फक्त घोडा (ट्रिगर) अडवते, आतला हातोडा अडवत नाही.

तुमच्या बंदुकीला बाहेर हातोडे असतील तर आणखी एक गोष्ट. हातोडा चढवला आणि क्ले आलीच नाही, तर भरल्या बंदुकीवर अंगठ्याने हातोडा उतरवायला जाऊ नका. तेलकट अंगठा निसटला की बार झालाच. आधी उघडा, काडतुसं काढा, मग हातोडे खाली घ्या.

घोडा दाबला आणि बार झाला नाही, तर बंदूक मैदानाकडेच धरून ३० सेकंद तशीच उभी राहू द्या, कारण काडतूस उशिरा पेटू शकतं. मग चेहरा बाजूला ठेवून उघडा. त्याहून घातक म्हणजे 'फुस्' असा दबका आवाज. त्यात दारू नीट पेटत नाही आणि वॅड, म्हणजे दारू आणि छर्‍यांमधला बोळा, नळीतच अडकून राहते. त्यावर दुसरा बार टाकला की नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथंच असतो. असा आवाज आला की थांबा, उघडा, दोन्ही काडतुसं काढा आणि नळीतून आरपार बघा.

आरपार बघायची सवय घरापासूनच लावा. खंडेनवमीला शस्त्रपूजा होते, हळदकुंकू, अक्षता, फुलं वाहतात. एखादी पाकळी नळीत राहिली, वर तेल बसलं, की तिचा बोळा होतो. कपाटात वर्षभर पडलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. मैदानावर नळीचं तोंड काळ्या चिखलात टेकलं तरी तेच. पहिल्या बाराआधी गज फिरवून, कोरडं फडकं घालून नळी साफ करा.

काडतुसांबद्दल मी जास्त आग्रही आहे. जुन्या बंदुकीचं चेंबर ६५ मिमीचं असू शकतं आणि आजची बहुतेक काडतुसं ७० मिमीची. काडतुसाची लांबी बार झाल्यानंतरची, म्हणजे तोंड उलगडल्यावरची, मोजतात. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं आणि लबाडी तिथंच आहे: तोंड उलगडायला जागा नसते, दाब वाढतो. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्या, नळीतले गंजाचे खड्डे तपासून घ्या, मगच जा. वीस बोअरचं काडतूस खिशात येऊच देऊ नका. ते बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं, चेंबर रिकामं वाटतं, मागून बारा बोअरचं घातलं जातं आणि नळी उडते. ते पटकन ओळखू यावं म्हणूनच वीस बोअरचा रंग पिवळा ठेवायची पद्धत आहे. जुन्या पट्ट्यातली, पितळेवर हिरवा गंज चढलेली किंवा फुगलेली काडतुसंही नकोत.

घरात राखणीसाठी ठेवलेली एलजी, एसजी (जाड छर्‍यांची काडतुसं) तर घरीच ठेवा. क्लेसाठी ७½ ते ९ नंबरचे बारीक छर्रे लागतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत छर्‍यांचं वजन जास्तीत जास्त २४ ग्रॅम असतं. असे छर्रे साधारण २०० मीटरपर्यंत जाऊन पडतात आणि मैदानाची मोकळी जागा त्या हिशेबाने, सुमारे २७५ मीटर, राखलेली असते. एसजीचा छर्रा ६०० मीटर पार करू शकतो, म्हणजे थेट कुणाच्या तरी रानात.

यावरूनच सांगतो, 'आपलंच रान आहे, घरीच क्ले फेकायचं मशीन बसवू' हा विचार करू नका. कायद्याने रेंजला वेगळा परवाना लागतो. शिवाय आपल्या भागात उभ्या उसात माणूस दिसत नाही. तोडीच्या दिवसांत फडात कोयता घेतलेली माणसं, बांधावर त्यांची पोरं, पलीकडे बैल. हिरवा फड म्हणजे मोकळं रान नव्हे.

मशीनजवळ जाऊ नका. तिचा हात स्प्रिंगच्या ताणाखाली असतो आणि ११० मिमीची, १०५ ग्रॅमची क्ले ती सुमारे ७६ मीटरपर्यंत फेकते. वीज बंद केली तरी ताण उरतो. तो उतरवल्याशिवाय पुढून हात घालणं म्हणजे हाड मोडून घेणं. मशीनवर माणूस गेला असेल तर तो परत येईपर्यंत कुणीही बंदूक भरायची नाही.

कानाला मफ किंवा प्लग, डोळ्यांना चष्मा, डोक्याला पुढे झालर असलेली टोपी. हे मागे बघत उभ्या असलेल्यांनाही लागू, घरच्या पोरांनाही. क्लेचे तुकडे मागे येतात. बार टाकल्यावर शिशाचे हात धुतल्याशिवाय भडंग खाऊ नका. आपली रिकामी काडतुसं उचला. दुसऱ्याच्या बंदुकीला विचारल्याशिवाय हात लावू नका. कुणी दाखवायला दिली तर उघडी घ्या, उघडीच परत द्या. पाळी असलेल्याच्या मागे गप्पा नकोत, आणि न विचारता 'खाली मारलंत, वर धरा' असंही नको. चूक दाखवायचीच तर ती बंदुकीच्या दिशेची, आणि ती मात्र लगेच, मोठ्याने. तुम्हाला कुणी टोकलं तर आधी नळी खाली करा, मग बोला.

कागदपत्रांचं असं: १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या तुमच्या परवान्यावर उद्देश आणि क्षेत्र लिहिलेलं असतं. उद्देश पीक संरक्षणाचा असेल तर निघण्याआधी सांगलीला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्या. मूळ परवाना जवळ ठेवा, बंदूक रिकामी, सुटी करून पिशवीत, काडतुसं वेगळ्या डब्यात कुलपात. हायवेला जेवायला थांबलात तर एक जण गाडीपाशीच थांबेल, असं आधी ठरवून निघा.