सांगलीत मका घेताना अफ्लाटॉक्सिन (बुरशीमुळे धान्यात तयार होणारं विष) जागेवर तपासता येतं का?

येतं. पट्टीची टेस्ट मिळते. दळलेला मका द्रावणात ढवळायचा, गाळायचा, थेंब पट्टीवर टाकायचे. पाच-दहा मिनिटांत निकाल. मात्र टेस्टची रेघ फिकी किंवा गायब म्हणजे विष जास्त. इथे बरेच जण उलटं वाचतात!

खरी गोम नमुन्यात आहे. परतीच्या पावसात भिजलेल्या मालात बुरशी जागोजागी असते, सगळीकडे सारखी नाही. वरच्या पोत्यातली मूठभर मका तपासणं म्हणजे पट्टी वाया. बऱ्याच पोत्यांतून, तळातूनही, थोडाथोडा काढा, सगळा एकत्र दळा, मग त्यातला नमुना घ्या.

खाण्याच्या धान्याला मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम. निकाल काठावर आला तर प्रयोगशाळेत एचपीएलसी (विषाचं नेमकं प्रमाण मोजणारी चाचणी) करून घ्या. नापास मका म्हशींना घालू नका, विष दुधात उतरतं.