सगळा तेचाच हा!

"झिल (मुलगा) बागेत पाय ठेवत नाही. मुंबईत दुसऱ्याच्या गोदामात राबायला तयार आहे. त्याला जरा समजवा." देवगड-राजापूर पट्ट्यातले आईबाप हे गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी सारखे येतात. मुलांना दोष देण्याआधी त्यातल्या एका घराची गोष्ट वाचा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील साठीकडे झुकलेले. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा कातळात खड्डे मारून, बाहेरून माती आणून त्यांनी चाळीस हापूस कलमं जगवली. मुलगा चोवीस वर्षांचा. माकडं, अवकाळी पाऊस, 2021 च्या तौक्ते वादळात मोडलेल्या फांद्या, 'मुंबईत खोली आहे का?' विचारणारी मुलींकडची माणसं, ही सगळी कारणं पहिल्या भेटीतच बोलून झाली. कारणं खरीच आहेत. पण फवारणीबद्दल बोलताना त्या मुलाचे डोळे लकाकत होते आणि वडील बोलायला लागले की तो मान खाली घालत होता. मी माणसापेक्षा घरातली नाती आधी बघते, त्यामुळे माझं लक्ष तिथेच अडकलं.

चौथ्या भेटीत मी वडिलांना विचारलं, "गेल्या हंगामात ह्याच्या हातात किती पैसे दिलेत?"

"घरच्याक कसली मजुरी? सगळा तेचाच हा!"

मुलाने पहिल्यांदाच मान वर केली. "राखणेच्या गुरख्याक दर म्हयन्याक पगार गावता. माका पेट्रोलाक आवशीकडे हात पसरूचो लागता."

वडील बराच वेळ हातातली टोपी दुमडत बसले. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहणं हीच मोठी मदत असते, हे इतक्या वर्षांत मी शिकले आहे.

त्या मुलाला माती नकोशी नव्हती, बिनपगारी हरकाम्या होणं नको होतं. सातबारावर आजोबांपासूनची अकरा नावं, त्यात ह्याचं नाही. मोहरासाठीचं कल्टार औषध कधी घालायचं, आंब्याची पेटी कुठल्या दलालाला द्यायची, काही म्हणजे काही तो ठरवत नव्हता. आणि लहानपणापासून ऐकलेलं काय, तर 'शिकला नाहीस तर गुरं राखशील!' आपणच शेतीला शिक्षा म्हणायचं आणि मग त्याने ती आवडीने भोगावी असं म्हणायचं, हे कसं जमेल?

म्हणून पालकांनो, सगळं 'पुढे तुझंच' म्हणण्यापेक्षा थोडं आजच द्या. खर्च, विक्री, पैसा, सगळं त्याच्या खात्यात. चूकही त्याचीच राहू द्या, हे सर्वांत अवघड. आणि एवढं करूनही त्याला शहरच हवं असेल, तर आशीर्वाद देऊन पाठवा.

ह्या घरात आठ कलमं मुलाकडे गेली. पुढच्या जानेवारीत, ढगाळ हवेत, वडिलांचा फोन आला.

"बाई, फवारणीक उशीर केल्यान. दोन कलमांचो मोहर काळो पडलो."

"मग?"

"मी कायएक बोलूक नाय."