वाचक विचारतात : रोबोट लॉन मोअरची ब्लेडं, चकती आणि मोटर

प्रश्न : रोबोट मोअर (आपोआप फिरून लॉनचं गवत कापणारं यंत्र) रोज ठरल्या वेळी फिरतो, खत-पाणीही वेळेवर आहे. तरी कापणीनंतर एक-दोन दिवसांत लॉनवर पांढुरकी-तपकिरी झाक येते. असं का?

उत्तर : खाली बसून गवताच्या चार-दोन पाती तोडा आणि शेंडे नीट बघा. शेंडा सरळ, स्वच्छ कापलेला असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. पण शेंड्याला झिरमिळ्या निघाल्या असतील, तर गवत कापलं जात नाही, फाटतंय. फाटलेला शेंडा सुकतो आणि लांबून सगळं लॉन करपल्यासारखं दिसतं. म्हणजे ब्लेडांची धार गेली.

ही ब्लेडं दाढीच्या पात्यासारखी पातळ असतात, जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. रोज चालणाऱ्या यंत्रात ती साधारण एक ते दोन महिने टिकतात. जमीन वाळूची असेल, काटक्या-खडे पडत असतील, तर त्याहून कमी. त्यामुळे तारखा मोजण्यापेक्षा दर आठवड्याला शेंडा बघण्याची सवय जास्त कामाची. दुसरी खूण म्हणजे मोअर नेहमीपेक्षा लवकर चार्जिंगला परतू लागतो, कारण बोथट ब्लेडांमुळे मोटर जास्त करंट ओढते.

बदलताना मुख्य स्विच बंद करा, सुरक्षा किल्ली असेल तर काढून घ्या. जाड हातमोजे घाला आणि यंत्र मऊ कापडावर उलटं ठेवा. ब्लेडं जिच्यावर बसवलेली असतात ती चकती एका हाताने धरून स्क्रू साध्या स्क्रू-ड्रायव्हरनेच काढा-लावा. ड्रिल मशीनने हमखास आटे जातात, आणि मग पूर्ण चकती बदलावी लागते. ब्लेडं आणि स्क्रू दोन्ही नवे लावा. जुना स्क्रू वरून चांगला दिसतो, पण ज्या गुळगुळीत मानेवर ब्लेड फिरतं ती मान झिजलेली असते. अशा मानेवर ब्लेड डगमगतं, आणि एखाद्या दिवशी स्क्रू तुटून ब्लेडच उडतं.

स्क्रू घट्ट बसला तरी ब्लेड मात्र सैल हललं पाहिजे. हातमोज्याच्या बोटाने ढकललं की ते न अडखळता फिरलं पाहिजे. चकती वेगाने फिरली की ब्लेडं आपोआप बाहेर फेकली जातात, आणि दगड लागला की मागे दुमडतात. स्क्रूच्या डोक्याखाली ब्लेड आवळलं गेलं, तर दगडाचा सगळा धक्का चकतीला आणि मोटरच्या दांड्याला बसतो. भलत्याच मापाचे स्क्रू लावल्यावर नेमकं हेच होतं.

प्रश्न : तीनपैकी एक ब्लेड तुटलं म्हणून तेवढंच नवं लावलं. तेव्हापासून यंत्र घरघरतं आणि थरथरतं.

उत्तर : ब्लेडं नेहमी पूर्ण संच म्हणून बदलावीत. झिजलेलं ब्लेड नव्यापेक्षा हलकं असतं. फरक अगदी थोडा, पण चकती मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेते आणि त्या वेगात तेवढा फरकही थरथर निर्माण करायला पुरतो. तसंच चालू ठेवलं तर पुढचा बळी मोटरचं बेअरिंग. आजच तिन्ही बदला.

तरीही आवाज राहिला, तर चकतीच्या वरच्या बाजूला वाळून चिकटलेली गवताची कातरण खरवडून काढा. ती एका बाजूला जास्त जमली की तोल बिघडतो, आणि ही जागा सहसा कोणी बघत नाही. मग ब्लेडं काढून चकती हाताने हळू फिरवा आणि तिची कड एका स्थिर खुणेजवळ धरून बघा. कड वर-खाली होत असेल तर चकती वाकली आहे. ती ठोकून सरळ करू नका, बदला. कड सरळ आहे पण फिरवताना खरखर लागते, असं असेल तर बेअरिंग गेलं, आणि ते काम सर्व्हिस सेंटरचं.

प्रश्न : बोथट ब्लेडांना घरी धार लावली तर?

उत्तर : लावू नये. इतक्या पातळ पत्र्याला तिन्ही ब्लेडांवर सारखी धार आणि सारखं वजन हाताने साधत नाही. मात्र दोन्ही कडांना धार असलेलं ब्लेड एकाच दिशेने फिरणाऱ्या चकतीवर असेल, तर अर्ध्या आयुष्यात ते उलटवून लावता येतं. दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या चकतीवर दोन्ही कडा आपसूक वापरल्या जातात.

प्रश्न : कटिंग मोटर अडकल्याचा संदेश वारंवार येतो. पुन्हा सुरू केलं की थोडा वेळ चालतं.

उत्तर : पुन्हा पुन्हा सुरू करणं आधी थांबवा, मोटर तापते. यंत्र बंद करून उलटं करा आणि चकती व तिच्या वरचा दांडा यांच्यातली फट तपासा. सुतळी, केस, लांब गवत तिथे गुंडाळलेलं असतं. ते चिमट्याने ओढा, चाकू घालू नका, आतलं सील कापलं जाईल.

बऱ्याच मॉडेलमध्ये ब्लेडांच्या खाली आणखी एक सुटी तबकडी असते. ती चकतीपासून स्वतंत्र फिरायला हवी, म्हणजे गवताला टेकली तरी चकतीला ओढ बसत नाही. मध्ये कातरण घट्ट बसली की दोन्ही एकत्र फिरतात, आणि मोटरचं बळ जमिनीशी घासण्यातच जातं. चकती धरून तबकडी फिरवून बघा.

सगळं मोकळं असूनही संदेश येत असेल, तर गवत उंच किंवा ओलं आहे. असा मोअर रोज थोडे शेंडे कापण्यासाठी बनलेला असतो. दहा सेंटिमीटरवर गेलेलं गवत आधी साध्या मोअरने कापा, रोबोटची उंची सर्वात वर ठेवा आणि दर काही दिवसांनी एकेक टप्पा खाली आणा. बुटक्या, कोरड्या गवतावरही संदेश आला तर मोटर किंवा वायरिंग तपासून घ्यावं लागेल.

प्रश्न : खालून पाण्याने धुवावा का?

उत्तर : प्रेशर वॉशर कधीच नको, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. साधा पाइपही मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच. ब्रश, लाकडी पट्टी आणि ओलसर फडकं पुरतं. दर आठवड्याला एकदा, पावसात दोनदा. उंची बदलणारी यंत्रणाही तेव्हाच वर-खाली करून बघा, कातरणीने तीही अडकते. काढलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, कडक डबीत बंद करून टाका.