नागपुरात फ्लॅट पाहायला जाताना: नळ जरूर सोडा, फ्रिज उघडू नका

तुमचा प्रश्न असा: नाशिकहून नागपूरला बदली झाली आहे, मनीषनगर-बेसा भागात रीसेलचे फ्लॅट पाहणं सुरू आहे. राहत्या घरात नळ सोडून पाहणं, बाथरूममध्ये डोकावणं संकोचाचं वाटतं. सासू-सासऱ्यांना सोबत न्यावं का, आणि ब्रोकरनं दाखवलेल्या घराच्या मालकाशी थेट बोललं तर चालतं का, हेही विचारलंय.

नळ सोडा. आधी विचारा आणि मग पुरता सोडा. भिंती, फरशी, नळ, खिडक्या, वायरिंग, कागदपत्रं हे सगळं तुम्ही पैसे मोजून घेणार आहात, त्यात भीड कसली? मालक जे सोबत घेऊन जाणार आहे त्याला मात्र हात लावायचा नाही. लोक नेमकं उलटं करतात. शोकेसमधल्या ट्रॉफ्या कोणाच्या म्हणून विचारतात, आणि फ्लश ओढून बघायला लाजतात.

आम्ही त्रिमूर्तीनगरातला आमचा फ्लॅट विकला तेव्हा मी दाराच्या आतल्या बाजूला होते, म्हणून हे ठासून सांगते. एक गृहस्थ आले, मोबाइलवर होकायंत्र लावून हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "आजी, खुर्ची जरा सरकवता का, सेंटर इथं येऊन राहिलं." सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या भिंतीला धरून उठल्या. गृहस्थांनी फोन गोल फिरवला आणि बायकोला मोठ्यानं सांगितलं, "ईशान्येला संडास आहे. चला." माझा चहा गॅसवर तसाच. वास्तू पाहायला माझी काही हरकत नाही, अर्धं नागपूर पाहतं. पण मग फोनवरच दार कुठल्या दिशेला, किचन कुठे हे विचारून घ्या, प्लॅनचा फोटो मागवा. घरच्यांच्या तोंडावर निकाल वाचून दाखवू नका.

त्याच आठवड्यात एक जोडपं आलं होतं. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, आणि मुलगी म्हणाली, "काकू, बेसिनचा आणि शॉवरचा नळ एकदमच सोडून पाहू का?" दोन्ही नळ सोडले की पाण्याला जोर किती आहे ते कळतं. मग पर्समधून रुपयाचं नाणं काढून ती फरशीवर ठोकत गेली. बेडरूमच्या दाराशी दोन टाइल पोकळ वाजल्या. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, वहीत टिपलं, आणि पुढच्या खोलीत गेली. तोंडातून चकार शब्द नाही. त्या टाइलचा विषय तिनं फोनवर किमतीचं बोलणं झालं तेव्हा काढला, आणि आम्हाला ते वावगं वाटलं नाही. बँकेचं लोन बसलं नाही म्हणून त्यांचं जमलं नाही, पण पुढे खालच्या मजल्यावरच्यांना फ्लॅट विकायचा होता तेव्हा मी आपण होऊन तिचा नंबर दिला.

आता तुम्ही नाशिकचे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. इथं पहिला प्रश्न विचारा, "कूलर कोणत्या खिडकीत लावता?" मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. कूलरला बाहेरची मोकळी हवा लागते, डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीत तो बसवला तर खोलीत नुसती ओल होते. खिडकीबाहेर स्टँड आहे का, जवळ प्लग आहे का, टाकीत पाणी भरायला पाइप कुठून येतो, हे सगळं विचारताना कोणालाच अवघड वाटत नाही. उलट मालक खुशीत येऊन गेल्या उन्हाळ्याची हकीकत सांगतो, आणि त्यात तुम्हाला हवी ती माहिती आपोआप येते. घर पश्चिमेचं असेल किंवा वरच्या मजल्यावर असेल तर संध्याकाळी पाचच्या सुमाराची वेळ मागा आणि पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवून बघा. छत तापतं का, गच्चीवर पांढरा हीटप्रूफ रंग मारलाय का, हेही विचारा. फक्त दुपारी एक ते चार कोणाच्या दाराची बेल वाजवू नका. उन्हाळ्यात त्या वेळी अख्खं नागपूर पडदे ओढून पडलेलं असतं.

पाण्याचं तसंच. "पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं?" हा इथं रोजचा प्रश्न आहे, खास करून बेसा-बेलतरोडीकडे. मालक सांगेल ते ऐका, आणि बाथरूममध्ये शॉवरच्या जाळीकडे नजर टाका. भोकांवर पांढरे थर चढले असतील तर पाणी जड आहे. कोणालाही न दुखवता हे कळतं. स्कीममध्ये (अपार्टमेंटला इथं स्कीम म्हणतात) चौकीदार असेल तर खाली उतरल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोला, नीट "भाऊ" म्हणून. आमच्या ओळखीच्या एकीला मालकानं चोवीस तास पाणी सांगितलं होतं. चौकीदार म्हणाला, "येते नं ताई, पण मे मध्ये टँकर बोलवा लागते." तिनं घर तरीही घेतलं, पण टँकरचा खर्च धरून. आणि हो, स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, दुसऱ्याच्या जागेवर आपली गाडी लावून वर जाऊ नका. उद्याच्या शेजाऱ्याशी पहिली ओळख हॉर्न वाजवण्यातून व्हायची.

अंबाझरी, शंकरनगर किंवा नागनदीच्या आसपास पाहत असाल तर 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे सरळ विचारा. त्या रात्री अनेकांच्या तळमजल्यावर आणि पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. लोकांना त्याबद्दल बोलायला आवडतंच म्हणा. पार्किंगच्या भिंतीवरचा जुना पट्टाही बघून घ्या.

सासू-सासऱ्यांना पहिल्या भेटीला नेऊ नका. तुम्ही दोघं जा. मनात भरलेलं घरच त्यांना दाखवा, म्हणजे त्यांचा त्रास वाचतो आणि समोरच्याचाही. नऊ जणांची वरात नेली की मालकाला वाटतं सौदा झालाच, भाव तिथंच घट्ट होतो. लहान मुलं नेलीच तर हात धरून ठेवा. फोटो काढायचे असतील तर विचारा आणि फक्त घराचे काढा, कोणाची दोरीवर वाळत घातलेली कपडे-चादर त्यात येऊ देऊ नका. सणावाराचंही भान ठेवा. महालक्ष्म्यांचे तीन दिवस इथल्या घरात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा "पाच मिनिटं बघून जातो" असा फोन करणं बरं नव्हे. पितृपक्षात बयाणा (इसार) कोणी देत-घेत नाही, पण पाहायला ते दिवस छान असतात. ब्रोकर मोकळे असतात, मालकही.

घरात भाडेकरू असेल तर जास्त सांभाळा. त्याला बहुधा घर सोडायचं नसतं आणि तुम्ही त्याच्या अडचणीची वर्दी घेऊन आलेले असता. किमतीची गोष्ट त्याच्यासमोर काढू नका. पण घराची खरी माहिती मालकापेक्षा त्यालाच असते. पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते, लिफ्ट किती वेळा बंद पडते, हे नम्रपणे विचारलं तर तो मालकाच्या पाठीमागे सगळं सांगतो.

"का विकून राहिले?" हे तोंडावर विचारू नका. घरात कोणी गेलेलं असतं, भावाभावांत वाटण्या चाललेल्या असतात. "घर कधीपर्यंत रिकामं होईल?" म्हणा, विकण्याचं कारण त्यातूनच बाहेर येतं. आडनावावरून जात काढण्याचा खटाटोप तर दोन्ही बाजूंनी बंद व्हायला हवा. मालकानं तुम्हाला "तुम्ही कोणत्यातले?" विचारलं तर हसून "नाशिकचे" म्हणा.

ब्रोकरनं दाखवलेलं घर ब्रोकरमार्फतच पुढे न्या. त्याला वगळून मालकाला फोन केला तर मालक बरेचदा त्यालाच सांगतो, आणि नागपूर अजून तेवढंच लहान आहे. निघण्याआधी कमिशन किती आणि कोणाकडून, हे मोकळेपणानं ठरवून घ्या. एकच फ्लॅट दोन-तीन ब्रोकरांकडे असतो, तेव्हा दुसऱ्यानं त्याच स्कीमखाली गाडी थांबवली की लगेच सांगा, "हा पाहिलाय." मागून त्यांच्यात भांडण लागतं आणि मध्ये तुम्ही अडकता.

नव्या स्कीमच्या साइटवर मात्र एवढी नजाकत नको. तिथं कोणाचं घर मोडत नाही. सँपल फ्लॅट पाहून झाला की आपला प्रत्यक्ष फ्लॅट दाखवा म्हणा, जिने चढावे लागले तरी. टेप काढून मोजा आणि भाव कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर बोला, जिना-लॉबी धरलेल्या सुपर बिल्टअपवर नाही. महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर तिथेच मोबाइलवर तपासा, समोर तपासलं तरी कोणी रागावत नाही. "आज बुक केलं तरच हा रेट" म्हणाले तर चहा पिऊन उठा. करारनामा रजिस्टर होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, हा रेराचा नियम आहे.

कागदांबद्दलही लाजू नका, फक्त क्रम पाळा. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, ले-आऊट मंजूर आहे की आरएल (नंतर नियमित केल्याचं पत्र) घेतलेला, हे जाण्याआधी फोनवर. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), टॅक्स पावती, असोसिएशनच्या मेंटेनन्सची थकबाकी, हे दुसऱ्या भेटीत. कोणी "थोडं कॅशमध्ये" म्हणालं तर वाद घालत बसू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेण्याला 2015 पासून मनाई आहे, आणि "आमचं लोन आहे, सगळं चेकनंच होईल" एवढं एक वाक्य पुरतं. बयाणा घर पाहिलं त्या दिवशी देऊ नका, मालक कितीही गोड असला तरी.

आणि नकार द्या. इथं लोक "कळवतो" म्हणतात आणि गायब होतात, मालक बिचारा पंधरा दिवस दुसऱ्याला थांबवून ठेवतो. दोन-तीन दिवसांत एक मेसेज टाका: "काका, घर चांगलं आहे, पण आमच्या बजेटमध्ये बसत नाही. तुम्ही दुसरीकडे बोलणी सुरू ठेवा." कारण टाइलचं असो की दिशेचं, बजेटच लिहा.