घरातून पळालेले मूल रेल्वे स्थानकावर सापडले, तर त्याला लगेच गाडीत बसवून घरी का पाठवत नाहीत?

कारण मूल का पळाले, हे कळल्याशिवाय त्याला परत पाठवणे धोक्याचे ठरू शकते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती त्याला तात्पुरते बालगृहात ठेवून त्याच्या घरची सामाजिक चौकशी करवते आणि घर सुरक्षित असल्याची खात्री पटल्यावरच त्याला पालकांच्या स्वाधीन करते. मूल परराज्यातले असेल तर पत्ता शोधण्यातच दिवस जातात, कारण लहान मुले पुष्कळदा गावाचे नुसते नाव सांगतात, तालुका किंवा जिल्हा नाही.

खरी अडचण गरिबीची असते. मार, शाळेची भीती ही कारणे मूल सांगते, पण त्यांच्यामागे अनेकदा घरातली ओढाताण असते, असे मला वाटते. केवळ गरिबीमुळे मुलाला कुटुंबापासून तोडू नये, म्हणून कायद्यात प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलाला घरीच वाढवता यावे म्हणून कुटुंबाला आर्थिक मदत देण्याची, तरतूद आहे आणि केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत पात्र मुलासाठी दरमहा ४,००० रुपये मिळतात. स्थानकावर एकटे मूल दिसल्यास १०९८ या बाल-मदत दूरध्वनी क्रमांकावर कळवावे किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगावे. स्वतः तिकीट काढून देऊ नये.