अर्धवट राहिलं तर राहू दे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय 72. कोथरूडला राहतो. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी झाली. भोर तालुक्यातलं आमचं जुनं घर पाडायला काढलं, तेव्हा माळ्यावर एक लोखंडी ट्रंक निघाली. आत फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. आजोबांच्याही आधीचे असावेत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मोडी शिकावी, हे सगळं वाचून काढावं असं फार वाटतं. पण गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणतात पंपिंग कमी आहे, जपा. लेक म्हणते, "बाबा, या वयात कशाला डोळे फोडताय?" मलाही वाटतं, लिपी शिकण्यातच दोन वर्षं जाणार, वाचण्यात किती जातील देव जाणे. तेवढी माझ्याकडे आहेत का? अर्धवट टाकून जाण्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं नाही का? सकाळी बागेतल्या कट्ट्यावर गोळ्या आणि 'कोण गेलं' याशिवाय विषय नसतो. घरात मात्र मरणाचं नाव काढलं की सगळे मला गप्प करतात. मग बोलायचं कोणाशी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र वाचलं आणि 'सुरूच न केलेलं बरं' या वाक्यावर अडले. हे वाक्य आपल्या वयाची माणसं इतक्या सहज बोलतात, आणि ऐकणारे इतक्या सहज मान हलवतात, की मला राग येतो. तुमचा नव्हे, त्या वाक्याचा.

तुम्ही कोथरूडचे, म्हणजे लॉ कॉलेज रस्त्यावरून कितीदा तरी गेला असाल. तिथल्या भांडारकर संस्थेने 1919 साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. शारदेपासून मलयाळमपर्यंत वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या गोळा करायच्या, एकेका श्लोकासाठी वेगळा कागद घ्यायचा, त्यावर प्रत्येक पोथीतला पाठभेद अक्षराखाली अक्षर लिहायचा आणि मग ठरवायचं की मूळच्या जवळचा पाठ कोणता. 1925 पासून डॉ. वि. सी. सुखटणकर मुख्य संपादक होते. मुळात गणिताचे विद्यार्थी. 1943 च्या जानेवारीत ते गेले तेव्हा आदिपर्व आणि आरण्यकपर्व छापून झालं होतं, पण पुढची बहुतेक पर्वं बाकी होती. ते काम डॉ. बेलवलकरांनी घेतलं, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांच्यानंतर डॉ. प. ल. वैद्य आले आणि 1966 साली ग्रंथ पुरा झाला. सत्तेचाळीस वर्षं. सुखटणकरांनी 'हे माझ्या हयातीत होणार का' असा हिशेब मांडला असता तर आदिपर्वही झालं नसतं.

तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसं, त्यांच्यामागे संस्था होती. मग 'मराठी रियासत' लिहिणारे इतिहासकार, रियासतकार सरदेसाई, यांचं बघा. 1925 साली, साठाव्या वर्षी, बडोद्याची नोकरी संपली. त्याच वर्षी तरुण मुलगा गेला. ते कामशेतला येऊन राहिले. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड त्यांनी त्यानंतर संपादले, आणि मराठ्यांचा तीन खंडांतला इंग्रजी इतिहास छापून पुरा झाला तेव्हा ऐंशी उलटली होती. त्या काळी साठीच्या माणसाला कोणी पुढची तीस-चाळीस वर्षं लिहून दिलेली नव्हती.

आता तुमच्या ट्रंकेकडे येते. हे मी ऐकीव सांगत नाही. यजमान गेल्यानंतर, साठी उलटल्यावर, मी सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गाला बसले. माझ्या शेजारी कॉलेजातली मुलं होती आणि काठी टेकत येणारे एक निवृत्त तहसीलदारही होते. दोन वर्षं लागतील ही तुमची भीती आधी काढून टाका. मुळाक्षरं काही आठवड्यांत बसतात. अवघड आहे ते वाचन, आणि वाचन वाचूनच येतं.

मोडीचा कागद पहिल्यांदा डोळ्यांसमोर धरला की काही सुटं दिसतच नाही. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला लगटून, हात न उचलता, लिहीत सुटतो. शब्द कुठे संपला ते कळत नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. पण एकाच कारकुनाचे दहा कागद बघितलेत की त्याचा हात ओळखीचा होतो. त्याचा 'क' कसा वळतो, घाईत असला की तो कुठे फराटा मारतो, हे डोळ्यांना आपोआप कळायला लागतं. ज्याने जन्मभर मायक्रोमीटरवर हजारांशातला फरक टिपला, त्याचे डोळे या कामाला माझ्यापेक्षा चांगले आहेत. मला सलग लागलेली पहिली ओळ उसनं दिलेल्या भाताची होती. किती मण, कोणाला, परत कधी. बाकी काही नाही. त्या रात्री मला जेवण सुचलं नव्हतं.

सुरुवात सगळ्यात नव्या कागदापासून करा. गठ्ठ्यांत स्टॅम्पपेपर असतील तर ते आधी काढा. खरेदीखत, गहाणखत असले कागद ठरावीक साच्याचे असतात, गावाची आणि माणसांची नावं तुम्हाला ठाऊक असतात, त्यामुळे वाक्य हाती लागतं. जुन्या कागदांत साल अरबी शब्दांत असतं : सलास म्हणजे तीन, खमस म्हणजे पाच, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. ते पुढचं.

कागदांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात वाळत घालू नका. कसर लागलेले कागद वेगळे ठेवा. ज्या क्रमाने गठ्ठ्यात आहेत तो क्रम मोडू नका. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक क्रमांक घाला, दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा, आणि एक वही घाला. वहीत क्रमांक, कागद कसला, साल, जेवढं वाचता आलं तेवढं. जे लागलं नाही तिथे जागा मोकळी सोडा, अंदाज ठोकून देऊ नका. टूलरूममध्ये पहिल्या पाळीचा माणूस अर्धा जॉब मशीनवर ठेवून घरी जायचा, पण कार्डावर नीट लिहून जायचा, म्हणून दुसऱ्या पाळीचा माणूस तिथूनच पुढे लागायचा. तुमची वही तशी हवी. मग तुमचं काम कुठल्याही कागदावर थांबलं तरी ते वाया जात नाही.

कट्ट्यावर रुसू नका. मोडी 1950 च्या सुमारास शाळांतून गेली. नव्वदीच्या आसपासचं कोणी तुमच्या बागेत येत असेल तर त्यांनी लहानपणी मोडीचे कित्ते गिरवलेले असतील. फोटो मोठा करून छापा आणि त्यांच्यापुढे धरा. त्यांना कोणी बऱ्याच वर्षांत काही विचारलेलं नसेल.

लेकीचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. झटक्याच्या वेळी दवाखान्याच्या बाकड्यावर तीच बसली असेल, त्या रात्री तिच्या डोळ्यांपुढून गेलेल्या नाहीत. तिला फोटो काढायच्या कामाला बसवा. आणि डॉक्टरांना मोघम विचारू नका. रोज किती वेळ बसायचं, किती चालायचं, एकट्याने प्रवास चालेल का, हे नेमकं विचारून लिहून आणा. तेवढ्यात राहा.

राहिला मरणाचा विषय. घरच्यांना मरणाबद्दल बोलता येत नाही, पण कपाटाच्या किल्लीबद्दल बोलता येतं. तिथून सुरू करा. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. त्यात ट्रंकेचं आणि त्या वहीचंही लिहा. आपण शुद्धीवर नसू तेव्हा कुठले उपचार नकोत, हेही आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी माझं केलंय. मुलगा सही बघून अर्धा तास बोलला नाही, मग म्हणाला, "आई, भीती वाटते का?" आमचं त्या विषयावरचं पहिलं बोलणं ते. मी हो म्हटलं.

मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. भीती गेलेली नाही, काम धरल्याने ती जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण सकाळी उठल्यावर कालची न लागलेली ओळ आधी आठवते आणि भीती नंतर, एवढा फरक पडतो. आपल्या वयात हा फरक थोडा नाही. वेळ घालवायला पुण्यात शंभर गोष्टी आहेत, व्याख्यानं आहेत, सहली आहेत, जावं माणसाने. पण तुम्हाला वेळ घालवायचा नाहीये, तुमच्या पत्रावरून ते स्पष्ट कळतं.

वर्ग कधी सुरू होतो ते मंडळात जाऊन विचारा. तोवर क्रमांक घालायचं काम करा, त्याला मोडी यावी लागत नाही. पहिल्या स्टॅम्पपेपरच्या वरच्या दोन ओळींचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. लागल्या तर पुढच्या अंकाची वाट न बघता तुम्हाला वाचून कळवते.